‘द गोल्ड’ बघताय ना? मग हे प्रश्न पडणारच!

मागच्या अंकात आम्ही बीबीसीच्या ‘द गोल्ड’ या मालिकेवर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की म्हटलं यावेळचं प्रश्नोत्तरांचं सदर यालाच देऊन टाकू. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत. काही जणांनी तर मालिका न बघताच प्रश्न पाठवलेत, त्यांनाही उत्तर दिलंय, आपल्याकडे भेदभाव नाही.

प्रश्न : नुसतं सोनं सोनं चाललंय सगळीकडे, पण ही मालिका आहे तरी काय? खरी गोष्ट आहे का रचलेली? (पुण्याहून एक आजोबा)

आजोबा, गोष्ट खरी आहे. २६ नोव्हेंबर १९८३, शनिवारची सकाळ, लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ ब्रिंक्स-मॅट नावाच्या सिक्युरिटी कंपनीचं गोडाऊन. सहा जण आत शिरले, आणि शिरले म्हणजे काय तर आतलाच एक गार्ड फितूर होता, टोनी ब्लॅक, त्याची बहीण या टोळीतल्या ब्रायन रॉबिन्सनबरोबर राहायची. बाकीच्या गार्डांच्या अंगावर पेट्रोल ओतून काडी लावायची धमकी दिली, तिजोरीचे नंबर काढून घेतले. हे लोक गेले होते रोकड न्यायला आणि समोर दिसले पुठ्ठ्याचे खोके, ७६ खोके, त्यात सोन्याच्या लगडी, जवळपास ६८०० नग, एकूण तीन टन! हिरे-बिरे धरून तेव्हाचे सुमारे २ कोटी ६० लाख पौंड. लेखक नील फोर्सिथ यांनी यावर मालिका लिहिली, पहिला सीझन फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, दुसरा जून २०२५ मध्ये, दोन्हींचे सहा-सहा भाग. दरोडा पहिल्या भागात सुरुवातीलाच उरकून टाकलाय, कारण खरी गंमत त्यानंतर आहे. तीन टन सोनं हातात आलं, आता त्याचं करायचं काय, यावर सगळी मालिका उभी आहे.

प्रश्न : आजच्या भावाने किती होईल हो ते सोनं? (औरंगाबाद, वय वर्षे १४)

भाव रोज बदलतो, २०२५ मध्ये तो लाखावर गेला होता, म्हणून हिशोबापुरतं तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, सरळ एक लाख धर. तीन टन म्हणजे तीन हजार किलो. तीन हजार कोटी रुपये. हिशोब करून बघ, गणिताचा तेवढाच सराव.

प्रश्न : माझं सराफी दुकान आहे, वडिलांपासूनचं. मालिकेत घराच्या आवारात शेडमध्ये सोनं आटवताना दाखवलंय. चोरीचं सोनं आटवलं की झालं की, सोन्याला काय नाव लिहिलेलं असतं? त्यात एवढा सहा भागांचा पसारा कशाला? (सांगलीहून एक वाचक)

तुम्ही सराफ असून हा प्रश्न विचारताय म्हणजे तुम्ही आमची परीक्षाच घेताय, पण ठीक आहे. नुसतं आटवून भागत नाही, आणि का भागत नाही ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. एक तर लगडींवर नंबर होते, ते आटवल्यावर गेले, इथपर्यंत बरोबर. पण सोनं इतकं शुद्ध होतं की ती शुद्धताच चुगली करणार. तुमच्या दुकानात उद्या कोणी अनोळखी माणूस आला आणि म्हणाला आजीच्या बांगड्यांची मोड आहे, आणि तुम्ही टंच काढला, म्हणजे शुद्धता तपासली, आणि निघालं चोवीस कॅरेट चोख, तर तुम्ही त्याला चहा पाजाल का पोलिसांना फोन कराल? आजीच्या बांगड्या चोवीस कॅरेटच्या नसतातच! तर या लोकांनी काय केलं, सोन्यात तांबं मिसळून कस मुद्दाम खाली आणला, म्हणजे ते जुन्या दागिन्यांची मोड वाटावं. सोनार आयुष्यभर भेसळ काढायला धडपडतो आणि इथे भेसळ घालायला मूस पेटवली होती. आम्हाला पूर्ण मालिकेत हा भाग सगळ्यात जास्त आवडला.

हे काम करणारा जॉन पामर, बाथ शहराजवळ राहणारा, सोन्याचांदीचा धंदा करणारा. त्याच्या घराच्या आवारात भट्टी होती, आणि शेजाऱ्यांनी ती बघून पोलिसांना कळवलंही होतं, पण ते आमच्या हद्दीत येत नाही वगैरे प्रकार झाला आणि माहिती वेळेवर जिथे पोचायला हवी तिथे पोचलीच नाही. (हद्दीचा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असं वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) मग ते ‘मोडीचं’ सोनं ब्रिस्टलच्या स्कॅडलिन नावाच्या फर्ममार्फत शेफिल्डच्या सरकारमान्य तपासणी केंद्रात जायचं, तिथे कस लागायचा, शिक्का बसायचा आणि ते राजरोस बाजारात विकलं जायचं. पैसे चेकने यायचे, फर्मच्या बँक खात्यात जमा व्हायचे आणि तिथून रोख काढले जायचे, इतके लाखो पौंड की एका छोट्या शाखेतून एवढ्या नोटा जातायत कुठे यावर वरपर्यंत भुवया उंचावल्या. धागा हाताला लागला तो असा, रोकडीमुळे.

कागदांची आयडिया तर अजूनच भारी. केनेथ नॉय हा यातला मुख्य दलाल. तो जर्सी बेटावर गेला, तिथे एक-एक किलोच्या अकरा लगडी अगदी रीतसर विकत घेतल्या, पावती घेतली आणि लगडी तिथेच लॉकरमध्ये ठेवून दिल्या. का? तर उद्या रस्त्यात कोणी अडवलं आणि गाडीत अकरा लगडी सापडल्या तर दाखवायला पावती आहे ना! पावती खरी, बँक खरी, फक्त गाडीतलं सोनं दुसरंच. तुमच्याकडे बिलबुक नीट ठेवा म्हणून सीए मागे लागतो ना, तो का लागतो ते यात कळतं. आणि जाता जाता, चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं आपल्याकडेही गुन्हाच, आधी आयपीसीचं ४११ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१७. तुम्हाला माहीत असेलच, इतर वाचकांसाठी लिहिलं.

प्रश्न : लहान मुलांसोबत बघता येईल का? (डोंबिवली)

शिव्या आहेत, थोडा रक्तपात आहे. आठवी-नववीच्या पुढच्यांना चालेल, छोट्यांना कंटाळाच येईल कारण बरंचसं बोलणं व्हॅट आणि बँकेच्या खात्यांबद्दल आहे. आणि सबटायटल लावून बघा, दक्षिण लंडनचे उच्चार आपल्या कानाला झेपत नाहीत.

प्रश्न : नॉयने पोलिसाला भोसकलं आणि कोर्टाने त्याला सोडलं! हे मालिकेने वाढवून दाखवलंय ना? असं कसं होऊ शकतं? माझं तर डोकंच फिरलं तो भाग बघून. (कोल्हापूरहून एक वकीलीण बाई)

नाही हो, वाढवलेलं नाही, प्रत्यक्षात असंच घडलं. जानेवारी १९८५ मध्ये डिटेक्टिव्ह जॉन फोर्डहॅम नॉयच्या केंटमधल्या घराच्या बागेत पाळतीवर होते, अंधार, अंगावर लपायचे कपडे, तोंड झाकलेलं. कुत्रे भुंकले, नॉय सुरी घेऊन बाहेर आला आणि फोर्डहॅम यांना दहा वेळा भोसकलं. कोर्टात त्याचं म्हणणं एकच, माझ्या बागेत रात्री बुरखाधारी माणूस, मला वाटलं जीव घ्यायला आलाय, मी स्वतःला वाचवलं. ज्युरीने ते मान्य केलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तो खुनाच्या आरोपातून सुटला. तुम्ही वकील आहात, स्वसंरक्षणाचा बचाव आणि ज्युरी या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडची ज्युरी तर एका प्रसिद्ध मुंबई खटल्यानंतर हळूहळू गेलीच.

पण सोन्याच्या खटल्यात तो अडकला. १९८६ मध्ये चोरीच्या सोन्याची विल्हेवाट लावण्याच्या कटासाठी १४ वर्षं. गंमत म्हणजे तिथे बचाव असा होता की मी चोर नाही, मी फक्त सोन्याचा व्हॅट बुडवतो. म्हणजे मोठा गुन्हा नाकारायला छोटा गुन्हा कबूल, ही युक्ती आपल्याकडच्या कोर्टातही चालते म्हणतात, तुम्हीच सांगा.

आणि पुढचं ऐका. शिक्षा भोगून सुटल्यावर १९९६ मध्ये त्याच नॉयने हायवेच्या एक्झिटपाशी भांडण होऊन स्टीफन कॅमेरॉन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं, देश सोडून पळाला, स्पेनमध्ये सापडला आणि २००० मध्ये जन्मठेप झाली. २०१९ मध्ये तो सुटला. आमची मालिकेबद्दल एकच मोठी तक्रार आहे ती इथे, जॅक लोडन इतका देखणा आणि मिश्कील नॉय करतो की बघणारा त्याच्या बाजूने झुकतो. लेखकाला गरीब वस्तीतून वर आलेला पोरगा विरुद्ध मोठ्या घरचे साहेब लोक असं काहीतरी सांगायचंय, ते ठीक आहे, ब्रिटनमध्ये तो वाद आहेच, पण फोर्डहॅम यांच्या बायकोने हे बघितलं तर तिला काय वाटेल असा विचार आमच्या मनात दोन-तीनदा तरी आला.

प्रश्न : पोलिसांतली ती निकी जेनिंग्स खरी होती का? फार आवडली. आणि तो वकील कूपर? (ठाणे, दोघी बहिणी)

निकी काल्पनिक आहे. शार्लट स्पेन्सरने काम इतकं छान केलंय की खरी वाटते. एडविन कूपरही तसा कुणी नव्हता, पण मायकेल रेल्टन नावाचा सॉलिसिटर होता, त्याने हा पैसा फिरवायला मदत केली आणि १९८८ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली, कूपरमध्ये त्याची बरीच छाया आहे. तपास प्रमुख ब्रायन बॉइस मात्र खरे, ते काम ह्यू बॉनव्हिलने केलंय. त्याच्या तोंडची काही भाषणं जरा जास्तच होतात, प्रत्येक वेळी दोन वाक्यं कमी बोलला असता तर बरं झालं असतं.

प्रश्न : सहा चोर होते ना, मग शिक्षा दोघांनाच कशी? (अमरावती)

तिघांना म्हणा. मिकी मॅकअव्हॉय आणि ब्रायन रॉबिन्सन यांना १९८४ मध्ये २५-२५ वर्षं, आणि फितूर गार्ड ब्लॅकला सहा वर्षं, कारण त्यानेच तोंड उघडलं. बाकीच्यांवर दरोडा सिद्ध झाला नाही. मॅकअव्हॉयची गोष्ट ऐका, आत बसून त्याने म्हटलं की माझ्या वाट्याचं परत देतो, शिक्षा कमी करा, पण तोवर बाहेरच्यांनी त्याच्या वाट्याचं सगळं फिरवून टाकलं होतं, परत द्यायला काही उरलंच नव्हतं. वर १९९५ मध्ये हायकोर्टाने हुकूम काढला की सगळी रक्कम, २ कोटी ७४ लाख पौंडांच्या वर, तुझ्याकडून वसूल करा. चोरी केली, सोनं दुसऱ्यांनी खाल्लं आणि बिल याच्या नावावर. २०२३ मध्ये तो वारला.

प्रश्न : दुसऱ्या सीझनमध्ये म्हणतात की अर्धं सोनं कधी सापडलंच नाही, ते कुठेतरी लपवलंय. खरंच लपवलंय का? माझा नवरा रोज जेवताना नवीन थिअरी सांगतो, वैताग आलाय, एकदाचं उत्तर द्या. (नाशिक)

ताई, साहेबांना हे वाचून दाखवा. पहिल्या सीझनच्या शेवटी पोलिसांच्या लक्षात येतं की आपण ज्याचा माग काढला ते फक्त अर्धं सोनं होतं. हे खरं आहे. मग दुसरा सीझन उरलेल्या अर्ध्याच्या मागे जातो, आणि तिथे लेखकाने मोकळेपणाने कल्पना वापरलीय, कारण पुराव्याने सांगता येईल अशी गोष्टच नाहीये. ते सुरुवातीला पाटी दाखवतात ती नीट वाचत जा.

आमचं मत विचाराल तर जमिनीत पुरलेलं, खाणीत दडवलेलं सोनं हे बघायला मस्त वाटतं, कुदळ मारली आणि पिवळं चमकलं, कॅमेऱ्याला तेच पाहिजे असतं. पण वरच्या सांगलीकर सराफांच्या उत्तरात बघा, सोनं आटलं की ते सोनं राहत नाही, ते कुणाच्या तरी दुकानातली साखळी होतं आणि मग कुणाच्या तरी खात्यातला पैसा होतं. सापडलं नाही म्हणजे पुरलंय असं नाही, विकलं गेलंय असं असू शकतं ना! पैशाचे पाय मात्र दिसतात. लंडनच्या डॉकलँड्समध्ये, जिथे जुन्या गोद्या पडीक होत्या, तिथे ऐंशीच्या दशकात जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले, त्यात हा पैसा गुंतवला गेला. रेल्टनबरोबर गॉर्डन पॅरी नावाचा माणूस यात होता. आणि २०१६ चे पनामा पेपर्स आठवतात ना, ज्यात आपल्याकडचीही मोठमोठी नावं आली होती? ते ज्या पनामातल्या फर्मचे फुटलेले कागद होते, त्या मोसॅक फोन्सेकाच्या जुन्या कागदांमध्ये १९८६ ची एक नोंद निघाली, खुद्द संस्थापक मोसॅकची, की फेबेरियन नावाची आपण चालवत असलेली कंपनी ब्रिंक्स-मॅटच्या पैशांशी संबंधित असल्याचं दिसतं. म्हणजे हीथ्रोच्या गोडाऊनमधून सोनं निघालं आणि तीस वर्षांनी त्याचा माग पनामातल्या फायलीत लागला. हे कुठल्या खाणीपेक्षा कमी थरारक आहे का?

तर नवऱ्याला सांगा, कुदळ ठेवा आणि बॅलन्सशीट वाचायला शिका. त्याच्या थिअरींपैकी एखादी भारी असेल तर मात्र आम्हाला पाठवा, छापू.

प्रश्न : मी वीस वर्षं लंडनला आहे. सासूबाईंनी १९८६ मध्ये इथेच घेतलेली साखळी आता माझ्याकडे आहे. इथले लोक गमतीत म्हणतात की १९८३ नंतर ब्रिटनमध्ये घेतलेल्या सोन्यात ब्रिंक्स-मॅटचा अंश असतोच. खरं का? काही कायदेशीर भानगड? (वेम्बली)

म्हण म्हणून छान आहे, सगळ्या साखळ्यांबद्दल खरी असणं शक्य नाही. पण तुमच्या साखळीत दोन-चार कण असतील तर ते ना तुम्हाला कळणार ना कुठल्या लॅबला, कारण एकदा बाजारातल्या सोन्यात मिसळल्यावर वेगळं काढायची सोयच नाही. भानगड काही नाही, निर्धास्त घाला. असंही सांगतात की यातलं काही सोनं फिरून फिरून ज्यांचं चोरलं होतं त्या जॉन्सन मॅथी कंपनीनेच पुन्हा विकत घेतलं! तुमच्या सासूबाईंना हे सांगितलंत तर त्या काय म्हणतात ते कळवा.

प्रश्न : आपल्याकडे असं काही झालंय का? (दादर)

तीन टनांचं नाही, पण डोकं लावून केलेलं म्हणाल तर १९ मार्च १९८७, ऑपेरा हाऊस. एका माणसाने पेपरात गुप्तचर अधिकारी पाहिजेत अशी जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या, निवडलेल्या पोरांना बसमध्ये बसवलं आणि त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या दुकानावर सीबीआयची ‘रेड’ टाकली. पोरांना खरंच वाटत होतं की आपल्याला सरकारी नोकरी लागलीय. साहेबांनी दागिने आणि रोकड पुरावा म्हणून सील केली, आलोच म्हणून बाहेर पडले ते आजतागायत आले नाहीत. माल तीसेक लाखांचा. त्याच्यावर सिनेमा आला, पण जाणारा माणूस गेला तो गेलाच. कुणी दादरकर लिहीत असेल तर यावर सहा भाग सहज होतील, फक्त मध्ये गाणी नकोत.

प्रश्न : आमच्या राजापूरजवळच्या जुन्या वाड्यात हंडा आहे असं आजी सांगायची. सापडला तर आमचाच ना? (रत्नागिरी जिल्हा)

मालिकेचा प्रश्न नाही पण विषय लपवलेल्या सोन्याचा आहे तेव्हा घेतो. सरसकट तुमचा नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये हो, बदललेलं नाही! मग चौकशी होते, शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं असेल आणि तो किंवा त्याचे वारस पुढे आले तर त्यांचा दावा. धनी निघाला नाही तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश, दोघं एकच असाल तर बरंच. ऐतिहासिक वस्तू असल्या तर सरकार घेऊ शकतं. आणि न कळवता गुपचूप आटवलंत तर वाटा जातो आणि वर केस. मांत्रिक-बिंत्रिक बोलावू नका, त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे आणि पैसेही त्यालाच जातात.

प्रश्न : शापित सोनं म्हणतात ना याला? किती जण मेले? (साताऱ्याहून एकजण)

शाप नाही, धंदाच तसा. या पैशाच्या व्यवहारांशी ज्यांची नावं जोडली गेली त्यातला ब्रायन पेरी २००१ मध्ये गोळ्या घालून मारला, जॉर्ज फ्रान्सिस २००३ मध्ये, दोघंही लंडनच्या बर्मंडसी भागात. पामरचं तर विचित्रच, १९८७ मध्ये मला काय माहीत सोनं चोरीचं आहे म्हणत निर्दोष सुटला, मग स्पेनच्या टेनेरिफ बेटावर टाइमशेअरच्या, म्हणजे सुट्टीच्या घरात वर्षातले ठरावीक दिवस राहायचा हक्क विकण्याच्या, नावाखाली हजारो लोकांना गंडवून २००१ मध्ये आठ वर्षांसाठी आत गेला, आणि जून २०१५ मध्ये स्वतःच्या बागेत मेला. नुकतंच ऑपरेशन झालं होतं म्हणून आधी वाटलं नैसर्गिकच गेला, काही दिवसांनी शवविच्छेदनात कळलं की गोळ्या लागल्यात! तो खून अजून उलगडलेला नाही.

प्रश्न : पहिला सीझन न बघता थेट दुसरा बघितला तर? (सोलापूर)

कळेल, पण पामर कोण आणि बॉइस त्याच्यावर इतका का चिडलाय हे कळणार नाही. पहिला बघा, सहाच तर भाग आहेत, दोन रविवारांत होतात. पहिल्यातला जॉन फोर्डहॅम यांचा भाग मात्र जेवताना बघू नका.